रबाळ्याच्या प्लेटिंग युनिटला ॲक्रिलिक धाग्याचा मेटल फिल्टर: कुठे चालेल, कुठे फसेल

प्रश्न थोडक्यात असा: रबाळे एमआयडीसीत तांबं-निकेल-क्रोमचं छोटं युनिट आहे. धुण्याचं पाणी रोज साधारण ३,००० लिटर. चुना, पॉली (गाळाचे कण एकत्र आणणारं पॉलिइलेक्ट्रोलाइट), सेटलिंग आणि फिल्टर प्रेस एवढं सगळं करूनही रिपोर्टमध्ये निकेल ५-६ आणि तांबं ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर येतं. मर्यादा दोन्हींना ३ ची आहे. ॲक्रिलिक धाग्यावर रासायनिक प्रक्रिया करून तो धातू धरतो असं ऐकलं; तो स्वतः बनवून ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या, शेवटी बसवता येईल का?

बसवता येईल. पण त्याआधी दोन तपासण्या करा, कारण तुमचे आकडे बघता अर्धं दुखणं धाग्याविनाच बरं होण्यातलं आहे.

पहिली तपासणी. सेटलिंगनंतरचं पाणी घ्या. अर्धं एका बाटलीत तसंच भरा, अर्धं ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून दुसऱ्या बाटलीत भरा आणि दोन्ही लॅबला द्या. गाळलेल्या पाण्यात धातू एकदम खाली आला, तर तुमचा धातू विरघळलेला नाही, गाळाचे बारीक कण वाहून येताहेत. मग पॉलीचा डोस, ढवळण्याचा वेग आणि सेटलिंगचा वेळ बघा. हे कण धाग्यावर घातलेत तर तो चार दिवसांत चिखलानं बंद होईल.

दुसरी तपासणी. त्याच पाण्याचा एक लिटर नमुना कॉस्टिक सोड्यानं पीएच १०.२ वर न्या, अर्धा तास हळू ढवळा, गाळा आणि निकेल मोजा. निकेल हायड्रॉक्साइड नीट खाली बसायला पीएच १० च्या आसपास लागतो. ८.५ ला काही मिलिग्रॅम निकेल पाण्यात राहणारच, त्यात चुन्याचा दोष नाही. तरी बहुतेक ठिकाणी ८.५ च का ठेवतात? कारण त्याच टाकीत क्रोमचं पाणीही येतं, आणि क्रोमियम हायड्रॉक्साइड ८ ते ८.५ ला उत्तम बसतो, फार वर नेला तर परत विरघळू लागतो. एकाच टाकीत दोघांनाही खूश करायला गेलं की दोघंही नाराज. क्रोमचं धुणं वेगळ्या ड्रममध्ये घ्या. सल्फ्युरिकनं पीएच २.५ वर आणा, सोडियम मेटाबायसल्फाइटनं सहा-संयुजी क्रोमचं तीन-संयुजी करा आणि मगच बसवा. हिशोबानं १ ग्रॅम क्रोमला २.७५ ग्रॅम मेटाबाय लागतं, प्रत्यक्षात ३ च्या वर धरा. पिवळा रंग जाऊन पाणी हिरवट झालं की काम झालं. हे वेगळं केलं की निकेल-तांब्याची टाकी बिनधास्त १० वर चालवता येते.

१०.२ ला नेऊनही निकेल हटत नसेल तर त्याला कोणीतरी धरून ठेवलंय: इलेक्ट्रोलेस (विजेशिवाय चढवायच्या) निकेलमधलं सायट्रेट किंवा लॅक्टेट, कुठल्या तरी बाथमधला (प्लेटिंगच्या द्रावणातला) अमोनिया, नाहीतर क्लीनरमधलं ईडीटीए हे धातू घट्ट धरणारं रसायन. ईडीटीएनं धरलेलं निकेल धाग्यालाही सोडवत नाही. ते पाणी उगमाशीच वेगळं काढा.

आता धाग्याकडे.

ॲक्रिलिक, म्हणजे बाजारात ज्याला कॅशमिलॉन म्हणतात तो लोकरीसारखा धागा, मुळात पॉलिॲक्रिलोनायट्राइल असतो. त्याच्या साखळीवर ठरावीक अंतरानं नायट्राइल गट लटकलेले असतात. ते स्वतः धातू धरत नाहीत. हायड्रॉक्सिलअमाइनशी त्यांची प्रक्रिया झाली की त्यांचे अमिडॉक्सिम होतात. अमिडॉक्सिममध्ये नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी-शेजारी असतात आणि ते तांबं, निकेल, शिसं यांना चिमट्यासारखे पकडतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमकडे मात्र फारसं लक्ष देत नाहीत, आणि पाणी मऊ करणाऱ्या साध्या सॉफ्टनर रेझिनपेक्षा हाच त्यांचा मोठा फायदा. वाशीहून खाडीपलीकडे दिसणाऱ्या ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, समुद्राच्या पाण्यातलं युरेनियम याच गटानं पकडण्यावर काम झालं आहे. समुद्रात युरेनियम असतं १०० कोटी भागांत जेमतेम ३. तुमचं पाणी त्यामानानं फारच सोपं.

रेझिनच्या मण्याऐवजी धागा कशासाठी? ३ डेनियरचा (डेनियर हे तंतूच्या जाडीचं माप) ॲक्रिलिक तंतू सुमारे १९-२० मायक्रॉन जाड असतो, रेझिनचा मणी साधारण ६००. धातूला आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे धागा मिनिटांत भरतो आणि पाणी जरा भराभर गेलं तरी पकडतो. उलट बाजूही ऐका: एक लिटर जागेत धागा जेमतेम १५० ग्रॅम बसतो, रेझिन त्याच्या कितीतरी पट. जागा कमी असेल आणि प्रवाह संथ असेल, तर इमिनोडायॲसिटेट जातीचं चिलेटिंग (धातू चिमट्यासारखं धरणारं) रेझिन विकत घेणं सरळ पडतं. धाग्याच्या प्रेमात पडून ते बाजूला टाकू नका.

धागा घेताना कच्चा पांढरा, न रंगवलेला, ३ डेनियर किंवा त्याहून जाड घ्या. बारीक धागा भरभर काम करतो, पण दाबाखाली नमद्यासारखा दबतो. पॉलिस्टर मिसळलेला माल सर्रास ॲक्रिलिक म्हणून विकला जातो. थोडा धागा कोमट डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये टाका, ॲक्रिलिक विरघळेल, पॉलिस्टर तसाच राहील. हातमोजे घाला आणि हवा खेळती ठेवा, हे द्रावण कातडीतून आत जातं. जाळून ओळखायच्या फंदात पडू नका, ॲक्रिलिकच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो.

पहिला प्रयोग फक्त १० ग्रॅमचा करा. धाग्यावर गिरणीचं तेल असतं. लिटरला १ ग्रॅम नॉन-आयॉनिक साबण घालून ६० अंशाला अर्धा तास धुवा, तीन पाण्यांत खळबळा, वाळवा आणि वजन लिहून ठेवा. काचेच्या मोठ्या बीकरमध्ये ४०० मिलिलिटर पाणी, त्यात १६ ग्रॅम हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड. ते विरघळल्यावर सोडा ॲश चिमटी-चिमटीनं, पीएच ६.५ ते ७ येईपर्यंत. साधारण १० ते १२ ग्रॅम लागेल. फसफसतं, म्हणून भांडं अर्धं रिकामं हवं. धागा आधी साध्या पाण्यात भिजवून, पिळून आत टाका. कोरडा टाकला तर वर तरंगतो आणि मधेच पांढरे ठिपके राहतात. वॉटर बाथवर ६५ ते ७० अंश, दीड ते दोन तास, अधूनमधून काचेच्या दांड्यानं उलटसुलट. रंग पांढऱ्यावरून लोण्यासारखा फिकट पिवळा होतो. तपकिरी झाला तर तापमान ८० च्या वर गेलं किंवा पीएच चढला. काढा, धुवा, ६० अंशाला वाळवा आणि वजन करा.

खरी परीक्षा या वजनाची. १० ग्रॅमचे ११.५ ते १२ ग्रॅम झाले, म्हणजे १५ ते २० टक्के वाढ, तर थांबा. १८-१९ टक्के वाढ म्हणजे साधारण तीसेक टक्के नायट्राइल बदलले. लोभापायी पुढे जाऊन निम्म्याहून जास्त बदलले की धागा सोड्याच्या पाण्यात फुगतो, बोटांना बुळबुळीत लागतो आणि कॉलममध्ये (धागा भरलेल्या उभ्या नळीत) साबुदाण्याच्या खिचडीसारखा एकत्र होतो. पाणी जायचं थांबतं. लॅबमध्ये जास्त बदललेला धागा जास्त धातू धरतो हे खरंच, पण लॅबमध्ये त्यावर पंपाचा दाब नसतो. वाढ १० टक्क्यांखाली असेल तर बहुधा मिश्र धागा किंवा जुनं, ओलावा धरलेलं रसायन. पावसाळ्यात हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडचं पाकीट उघडं राहिलं की ते दमट होतंच.

पकड तपासायला कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद, लिटरला ०.७९ ग्रॅम घ्या. म्हणजे तांबं झालं २०० मिलिग्रॅम. पीएच ५ वर आणा. २५० मिलिलिटरच्या दोन बाटल्यांत भरा. एकीत १ ग्रॅम बदललेला धागा, दुसरीत १ ग्रॅम साधा. काही मिनिटांतच पहिला धागा शेवाळी हिरवा होऊ लागतो, दुसरा पांढराच राहतो. चार तास हलवून दोन्ही पाण्यांत थोडा अमोनिया टाका: साध्या धाग्याचं पाणी गडद निळं होईल, दुसऱ्याचं फिकं किंवा स्वच्छ. डोळ्यांना एवढं पुरतं, आकडा मात्र लॅबकडूनच घ्या. पहिल्या बाटलीत एकूण ५० मिलिग्रॅम तांबं होतं, त्यातलं किती उरलं यावरून पकड कळते.

आता धोक्याचं. मोकळं हायड्रॉक्सिलअमाइन तीव्र अवस्थेत तापलं की फुटतं. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात आणि २००० मध्ये जपानमध्ये ते तयार करणाऱ्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसं गेली. वरच्या पाककृतीतलं द्रावण पातळ आहे म्हणून चालतं. पाणी कमी करून भांडं छोटं करू नका, आटवू नका, द्रावण आदल्या दिवशी करून ठेवू नका. लोखंड, तांबं, पितळ यांचा स्पर्शही नको, कारण या धातूंनी ते भराभर विघटित होतं. प्लेटिंगच्या शेडमध्ये तर याच तीन गोष्टी सगळीकडे पडलेल्या असतात. कातडीला ॲलर्जी होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे गॉगल आणि नायट्राइलचे मोजे हवेतच. म्हणून १० ग्रॅमचा प्रयोग लॅबमध्ये, आणि किलोंचा माल परवाना असलेल्या, ग्लासलाइन्ड (आतून काचेचा थर दिलेलं) भांडं असलेल्या रसायन युनिटकडून जॉबवर. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा युनिट्सना तोटा नाही. किलोला त्याच प्रमाणात १.६ किलो रसायन घालावं लागतं, पण प्रत्यक्ष खर्च होतं ४०० ग्रॅमच्या आसपास. तेच द्रावण त्याच दिवशी पुढच्या खेपेला भर घालून वापरतील का, हे विचारा. भावात मोठा फरक पडतो. उरलेलं द्रावण ईटीपीत ओतू द्यायचं नाही, पुढच्या सामाईक प्रक्रिया केंद्रातले जिवाणू त्यानं मरतात.

किती धागा लागेल? आजच्या वाईट आकड्यांवर हिशोब करा: निकेल ६ आणि तांबं ४, मिळून १० मिलिग्रॅम, गुणिले ३,००० लिटर, म्हणजे रोज ३० ग्रॅम धातू. माहितीपत्रकांत ग्रॅमला १०० मिलिग्रॅमहून मोठे आकडे दिसतात, पण ते भरपूर धातूच्या द्रावणात तासन्‌तास बुडवून काढलेले असतात. तुमच्या पातळ, मिश्र पाण्यात ग्रॅमला २० धरा. मग ९ किलो धागा १८० ग्रॅम धरेल, म्हणजे सहा कामाचे दिवस. टाकी १० पीएचला नीट चालली आणि येणारा धातू मिळून ३ वर आला, तर तोच धागा वीस दिवस जाईल. असे दोन कॉलम एकामागे एक लावा.

आरओवाल्यांकडे मिळणारं १३ बाय ५४ इंचांचं एफआरपी (फायबरग्लासचं) भांडं मापानं पुरतं, पण त्याच्या अरुंद तोंडातून धागा कोंबणं-काढणं म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा ३१५ मिलिमीटरचा पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइप, उंची सव्वा मीटर, दोन्हीकडे बोल्टचे फ्लँज. किलो-किलो धाग्याच्या १० सेंटिमीटर जाड गोल गाद्या करा, प्रत्येक पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीत शिवलेली, आणि दोन गाद्यांमध्ये भोकं पाडलेली पॉलिप्रॉपिलीन चकती. नऊ गाद्यांची उंची ९० सेंटिमीटर होते. चकत्या नसतील तर सगळा धागा एका टोकाला दबतो, आणि गादी पाइपपेक्षा अर्धा इंच लहान शिवली तर पाणी कडेकडेनं पळतं. गादी पाइपच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठीच शिवा, दाबून बसली पाहिजे. पाणी खालून वर न्या, म्हणजे हवा अडकत नाही. आठ तासांत ३,००० लिटर म्हणजे तासाला ३७५. धाग्यात पाण्याला साधारण दहा मिनिटं मिळतात, भरपूर झाली.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी १० पीएचला बसवणं, मग सँड फिल्टर, मग ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज आणि त्यानंतरच आम्ल घालून पीएच ६ ते ६.५. गाळायच्या आधी पीएच उतरवला तर वाहून आलेला गाळ पुन्हा विरघळतो आणि बसवलेला धातू परत पाण्यात येतो. धातू धरताना धागा हायड्रोजन आयन सोडतो, म्हणून बाहेर पडणारं पाणी थोडं आम्ल असतं. आत ६ आणि बाहेर ४.५ दिसू लागलं तर निकेलची पकड घसरलीच म्हणून समजा. तांबं ४-५ ला छान बसतं, निकेलला ते परवडत नाही. पहिल्या कॉलमनंतर पीएच मोजायला छोटी तोटी ठेवा.

तीच तोटी निकेलसाठीही. एक टक्का डायमिथाइलग्लायऑक्झिमचं अल्कोहोलमधलं द्रावण, नमुन्यात दोन थेंब अमोनिया आणि दोन थेंब हे: गुलाबी-लाल झालं की निकेल निसटतंय. हे रोज सकाळ-संध्याकाळ करा, लॅबच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. तांबं धाग्याला जास्त घट्ट चिकटतं, म्हणून कॉलम भरत आला की नवीन येणारं तांबं आधी बसलेल्या निकेलला ढकलून देतं. तेव्हा पहिल्या कॉलममधून बाहेर पडणारं निकेल आत जाणाऱ्यापेक्षाही जास्त दिसू शकतं. लोकांना वाटतं लॅबनं चूक केली. लॅब बरोबर असते, आणि दुसरा कॉलम ठेवायचा तो याचसाठी. पहिल्याच्या तोटीवर गुलाबी आलं की तो काढून धुवायचा, दुसरा पहिल्या जागी आणायचा आणि ताजा मागे लावायचा.

धुणं म्हणजे आम्लानं धातू सोडवणं. बाजारातलं ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक १ लिटर, २० लिटर पाण्यात, की साधारण अर्धा नॉर्मल (नॉर्मल हे आम्लाच्या तीव्रतेचं माप) झालं. कॉलमभर, म्हणजे ६० लिटर, ४५ मिनिटं फिरवा आणि साठवून ठेवा. त्यात ताकद बरीच उरते, पुढच्या दोन-तीन धुण्यांना पहिली फेरी त्याचीच घ्या आणि शेवटची ताज्या आम्लाची. गरम किंवा तीव्र आम्ल वापरलं तर अमिडॉक्सिमच मोडतात. नंतर पाणी सोडून पीएच ४ वर, मग एक टक्का खाण्याच्या सोड्यानं ७ वर. या कामाला एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी चालतं, ते मुळात मऊ आहे. टँकरचं किंवा बोअरचं नको, सोड्यानं चुना बसतो आणि बोअरमधलं लोह धाग्याला असं चिकटतं की अर्ध्या नॉर्मल आम्लाला दाद देत नाही. लोखंडी मालाचं पिकलिंगचं पाणीही याच कारणानं कॉलमपर्यंत येऊ देऊ नका. हिरव्याऐवजी गंजाचा रंग दिसला तर कोमट ऑक्झॅलिक आम्लाची एक फेरी द्या.

जमा झालेलं धातूचं आम्ल परत निकेल बाथमध्ये घालायचा मोह होतो. त्यात तांबं आहे, आणि बाथमध्ये तांबं गेलं की कोपऱ्या-खाचांत काम काळं येतं. ते ईटीपीच्या सुरुवातीच्या टाकीतच सोडा, घट्ट असल्यामुळे तिथे चांगलं बसतं. म्हणजे धागा धातू गायब करत नाही, फिल्टर प्रेसच्या गाळात पोचवतो, आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या ३५.३ या वर्गात तळोज्याच्या घातक कचरा सुविधेकडे मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह), ९० दिवसांच्या आत जायला हवा. निकामी झालेला धागाही साध्या कचऱ्यात टाकू नका. धातू असलेल्या निकामी रेझिनसाठी ३५.२ वर्ग आहे, त्याच अंगानं प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून नोंद करून घ्या. कन्सेंटमधला (मंडळाच्या परवानगीतला) ईटीपीचा आराखडाही बदलतोय, तेही लेखी कळवा.

तुमच्याकडे तांब्याची लाइन सायनाइडची असेल तर हे फार जपून. सायनाइडचं पाणी आधी पीएच १० च्या वर हायपोनं (सोडियम हायपोक्लोराइटनं) पूर्ण मोडलेलं हवं, मगच पुढे. सायनाइड पोचलेल्या कॉलममध्ये आम्ल सोडलं तर विषारी वायू निघतो, आणि प्लेटिंगच्या शेडमध्ये पावसाळ्यात दारं-खिडक्या बंदच असतात. उरलेला क्लोरिनही धाग्याला खातो, म्हणून तो मेटाबायनं मारून मगच पाणी पुढे सोडा. सहा-संयुजी क्रोमसाठी हा धागा नाहीच. क्रोमेट ऋणभारित असतो, त्याला अमाइन बसवलेला वेगळा धागा आणि आम्ल पाणी लागतं. तुमच्या प्रमाणात मेटाबायच स्वस्त.

जून ते सप्टेंबर एक वेगळीच कटकट असते: पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी कलेक्शन टाकीत उतरतं, ३,००० चे ५,००० लिटर होतात, पंप मोठा करून लोक सगळं त्याच कॉलममधून ढकलतात. आधी पन्हाळ वळवा.

गणपती-दिवाळीला युनिट बंद ठेवताना कॉलम धुऊन, पीएच ७ वर आणून, पाण्यानं भरलेला ठेवा. धागा वाळला की कडक होतो आणि पुन्हा नीट भिजत नाही. आम्लात पडून राहिला तर आतून मोडतो. उघडल्यावर पहिल्या तासाचं पाणी बाहेर न सोडता कलेक्शन टाकीत परत फिरवा, तोटीवरचा नमुना गुलाबी होत नाही हे बघा आणि मगच आउटलेटचा व्हॉल्व्ह उघडा. दर दोन-तीन महिन्यांनी एका गादीतून ग्रॅमभर धागा काढून तीच मोरचुदाची चाचणी करा. पकड पहिल्या दिवसाच्या ६० टक्क्यांखाली गेली की नवीन गाद्या शिवायला टाका.